ससेक्स ऐकत फिरताना: इंग्लंडच्या जुन्या काउंटीत ऑडिओ टूर घेऊन स्वतःचं स्वतः कसं हिंडावं

ससेक्स हे नाव आपल्याकडे रुळलं ते क्रिकेटमुळे. रणजितसिंहजी १८९५ पासून या काउंटीकडून खेळले, पुढे दुलीपसिंहजी खेळले, आणि १९६६ मध्ये मन्सूर अली खान पतौडी तिचे कर्णधार होते. लंडनहून रेल्वेने निघालात तर तासाभरात तुम्ही ससेक्सच्या समुद्रावर पोहोचता. तरीही बहुतेक जण ब्रायटनला जातात, धक्क्यावर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. रोमन राजवाड्याची फरशी, इंग्लंडचं राज्य ज्या उतारावर एका दिवसात फिरलं ती रणभूमी, पहिल्या महायुद्धातल्या आपल्या जवानांची दहनभूमी, असं सगळं या एका काउंटीत आहे आणि ते पाहिल्यावाचून राहून जातं.

हे सगळं नीट पाहायला गटाबरोबरची बस किंवा महागडा गाइड लागत नाही. फोन, इअरफोन आणि चांगल्या ऑडिओ टूर, म्हणजे त्या त्या जागी ऐकायची ध्वनिमुद्रित माहिती, एवढं पुरतं. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो: ऑडिओ टूरचा खरा उपयोग जे जिथे घडलं तिथे उभं राहून थोडंसंच ऐकण्यात आणि मग थांबवून बराच वेळ पाहण्यात आहे. दिवसभर कानात आवाज चालू ठेवला तर संध्याकाळी काहीच आठवत नाही. म्हणून दिवसाला दोन टूर, फार तर तीन.

आधी जमीन समजून घ्या

कुठलंही ॲप उतरवण्याआधी नकाशा उघडा. दक्षिणेला समुद्र आहे. त्याला जवळजवळ समांतर, पूर्व-पश्चिम अशी खडूच्या टेकड्यांची एक लांब रांग जाते, ती साउथ डाउन्स. रांगेच्या उत्तरेला वील्ड नावाचा जंगलांचा आणि चिकणमातीचा सखल मुलूख. ही रांग ठिकठिकाणी नद्यांनी कापली आहे: पश्चिमेकडून आरुन, एडर, ऊझ आणि ककमिअर.

आता किल्ले बघा. आरुनच्या खिंडीवर अरंडेल, एडरच्या खिंडीवर ब्रॅम्बर, ऊझच्या खिंडीवर लुइस. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून येऊन नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर त्यांच्या सरदारांनी ससेक्सचे समुद्रापासून उत्तरेपर्यंत जाणारे उभे पट्टे पाडले आणि एकेका पट्ट्यावर एकेक किल्ला बसवला. नॉर्मंडीहून येणारी वाट आपल्या ताब्यात राहावी, हे त्यामागचं साधं कारण. सह्याद्रीतल्या घाटवाटा आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे गड ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एवढं डोक्यात असलं की प्रत्येक गावची टूर सुटी न राहता एकाच गोष्टीतला पुढचा भाग होते.

एक कामाची बाब. जुनं ससेक्स आज कारभारासाठी पूर्व ससेक्स, पश्चिम ससेक्स आणि ब्रायटन अँड होव्ह असं तीन ठिकाणी वाटलेलं आहे. टूर शोधताना नुसतं ‘ससेक्स’ टाकलंत तर निम्मं सापडत नाही. गावाच्या नावाने शोधा: चिचेस्टर, लुइस, बॅटल, हेस्टिंग्ज, राय.

टूरचे प्रकार, आणि कुठली कशासाठी

पहिला प्रकार वास्तूच्या आतला. तिकीट घेताना हातात एक यंत्र देतात किंवा फोनवर उघडायला क्यूआर कोड देतात. खोलीचा किंवा थांब्याचा आकडा दाबला की निवेदन सुरू. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण वाट चुकण्याचा प्रश्न नसतो आणि मजकूर त्या वास्तूच्या अभ्यासकांनी तपासलेला असतो. बॅटल ॲबी या जुन्या मठासारख्या ठिकाणी तो तिकिटातच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रकार पायी फिरण्याच्या टूरचा. व्हॉइसमॅप, इझी ट्रॅव्हल अशा ॲपवर या मिळतात. तुम्ही ठरावीक जागी पोहोचलात की फोनमधलं जीपीएस ते ओळखतं आणि आवाज आपोआप सुरू होतो. गावातल्या गल्ल्यांसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण फोन खिशात राहतो आणि डोळे मोकळे राहतात. दर्जा मात्र टूरगणिक बदलतो. विकत घेण्याआधी नमुन्याचा तुकडा ऐका. निवेदक त्याच गावात राहणारा असेल, ‘या खिडकीखालची वीट बघा’ असं बोट ठेवून सांगत असेल, तर ती टूर घ्या. नुसत्या सनावळ्या वाचून दाखवत असेल तर सोडून द्या.

गाडीने फिरणाऱ्यांसाठी रस्त्यावरच्या टूरही असतात. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि पाहुण्यांना भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. पण ऑडिओ लावणं-थांबवणं हे काम शेजारी बसलेल्याचं. गाडी चालवणाऱ्याने चालवताना फोन हातात धरणं तिथे गुन्हा आहे. शिवाय ससेक्समधले आडरस्ते अरुंद, दोन्ही बाजूंनी उंच कुंपणांचे. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला रेल्वे आणि बस हेच बरं.

फोनची तयारी आदल्या रात्री

टूर, तिचा नकाशा आणि शक्य असेल तर लिखित मजकूरही मुक्कामाच्या वायफायवर उतरवून घ्या. मग फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पहिला थांबा वाजतो का ते पाहा. ही चाचणी टाळू नका. डाउन्सच्या दऱ्यांमध्ये आणि जाड दगडी भिंतींच्या आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा आधीच उतरवलेला असला की पुरे.

जीपीएस आणि आवाज दोन्ही चालू असले की बॅटरी झपाट्याने उतरते आणि थंडीत तर आणखीच. पॉवर बँक जवळ हवीच. तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पायांची पिन लागते, आपली गोल पायांची चालत नाही, म्हणून अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

इअरफोन दोन तऱ्हेचे ठेवावेत असं मी सुचवेन. वास्तूच्या आत कुठलेही चालतात. रस्त्यावर मात्र एकच कान बंद करा. पदपथ नसलेल्या रस्त्याने चालायचं असेल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला आणि तेवढा वेळ टूर थांबवून ठेवा. समुद्राकाठी वारा जोराचा असतो. वायरलेस इअरफोन सैल बसत असतील तर साधे वायरचे बरे.

इंग्रजी उच्चार कळायला जड जात असतील तर वेग ०.८ वर आणा आणि लिखित मजकूर मिळत असेल तर तो आधी डोळ्यांखालून घाला. ऐकण्याआधी गावांची नावं ओळखीची करून घेतलीत तरी निम्मं काम होतं.

मुक्काम आणि गाड्या

ब्रायटन किंवा लुइस, यांपैकी एका ठिकाणी सगळे दिवस राहा. रोज बॅग उचलण्यात अर्धी सकाळ जाते. ब्रायटनला खाण्यापिण्याची चंगळ आहे, शाकाहारी माणसाची तर उत्तम सोय होते. लुइस शांत आहे आणि रेल्वेचा चांगला फाटा आहे. ब्रायटनहून किनाऱ्याच्या मार्गावरून पश्चिमेला चिचेस्टर, पूर्वेला पेव्हेन्सी आणि हेस्टिंग्जला थेट गाड्या जातात. बॅटल हे स्टेशन हेस्टिंग्जहून लंडनकडे जाणाऱ्या मार्गावर आहे, तिथे जायला गाडी बदलावी लागते. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावरचं तिकीट स्वस्त पडतं, आणि रेलकार्ड काढलं तर बहुतेक प्रवासांवर एक तृतीयांश सूट मिळते. दोघं जोडीने फिरणार असाल तर दोघांच्या नावावर मिळून एक कार्ड निघतं.

बॅटल आणि पेव्हेन्सी या दोन्ही जागा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहेत. परदेशातून येणाऱ्यांसाठी त्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास असतो. स्टोनहेंजसारखी आणखी एखादी जागा यादीत असेल तर तो घेणं परवडतं. हिवाळ्यात काही वास्तू फक्त शनिवार-रविवारी उघडतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याच. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मोकळी ठिकाणं सकाळी आणि बंदिस्त ठिकाणं दुपारी, असा क्रम लावा.

पेव्हेन्सी आणि बॅटल: ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने

एकच दिवस हातात असेल तर तो याला द्या.

सकाळी पेव्हेन्सी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी इथे समुद्राकाठी कोट बांधला. त्याची लंबवर्तुळाकार भिंत बरीचशी अजून उभी आहे. २८ सप्टेंबर १०६६ ला नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम आपली फौज घेऊन याच भागात उतरला. समुद्र आता मागे हटलाय, सभोवार सपाट कुरणं आहेत. टूर सुरू करण्याआधी भिंतीवरून दक्षिणेकडे पाहा आणि तिथे पाणी आहे असं धरून चला. एवढं केलं नाही तर पुढचं निवेदन डोक्यावरून जातं.

इथे एक दुवा टूरमध्ये मिळो न मिळो, तुम्ही लक्षात ठेवा. विल्यम उतरला तेव्हा इंग्लंडचा राजा हॅरल्ड दूर उत्तरेत होता. २५ सप्टेंबरला त्याने यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिज इथे नॉर्वेच्या राजाचा पराभव केला होता. तिथून त्याला इंग्लंडची बरीचशी लांबी ओलांडून दक्षिणेला यावं लागलं. १४ ऑक्टोबरला तो विल्यमसमोर उभा राहिला तेव्हा त्याची माणसं किती थकलेली असतील याचा अंदाज करा.

मग बॅटल. स्टेशनातून मठाच्या दारापर्यंत थोडंसंच चालायचं आहे. लढाईला नाव हेस्टिंग्जचं मिळालं असलं तरी ती झाली या टेकडीवर, हेस्टिंग्जपासून सुमारे १० किलोमीटर आत. गच्चीवरून रणभूमी एका नजरेत दिसते आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. पायवाटेने उतारावरून खाली जा, अगदी तळाशी. तिथे इअरफोन काढा आणि वर पाहा. इंग्रजांनी माथ्यावर ढालीला ढाल लावून भिंत उभी केली होती आणि नॉर्मनांना खालून वर चढत हल्ले करायचे होते. लढाई सकाळपासून अंधार पडेपर्यंत का चालली, ते हा चढ स्वतः चढताना पायांना समजतं. नॉर्मन घोडेस्वार पळाल्यासारखे मागे फिरले, इंग्रज त्यांचा पाठलाग करत खाली आले आणि ती भिंत विस्कटली. हा भाग टूरवर वर चढता चढता ऐका.

माथ्यावर विल्यमने मठ बांधला. सांडलेल्या रक्ताचं प्रायश्चित्त म्हणून बांधला असं सांगतात. जिथे हॅरल्ड पडला असं मानतात तिथे चर्चची मुख्य वेदी होती. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला आणि चर्च पाडलं गेलं. आज त्या जागेवर फक्त एक शिळा आहे.

ब्रायटन: टूर जे सांगते आणि जे तुम्हाला शोधावं लागतं

रॉयल पॅव्हिलियन हा महाल बाहेरून मोगली घुमटांचा, आतून चिनी सजावटीचा. चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅश या वास्तुशिल्पीने १८१५ ते १८२३ या काळात त्याला हे रूप दिलं. १८५० मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून तो ब्रायटन शहराने विकत घेतला. आतली ऑडिओ टूर राजाच्या मेजवान्या, झुंबरं आणि स्वयंपाकघर यांबद्दल भरभरून बोलते. ती ऐका, चांगली आहे.

पण आपल्यासाठी या महालाचा मोठा भाग पुढचा आहे. डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत इथे जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. झुंबरांखाली खाटा मांडलेल्या होत्या. धर्म आणि जात सांभाळून नऊ वेगळी स्वयंपाकघरं चालवली जात, पाण्याचे नळही हिंदू आणि मुसलमानांसाठी वेगळे. महालाच्या आत या रुग्णालयाची माहिती मांडलेली आहे. ती घाईने ओलांडू नका. बागेच्या दक्षिण बाजूचं प्रवेशद्वार भारताच्या वतीने भेट म्हणून उभारलं गेलं आणि १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते खुलं झालं.

इथे मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचं दहन शहराबाहेर डाउन्सवर झालं. त्या जागी संगमरवरी छत्री आहे, नावही ‘छत्री’च. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. पॅचमपर्यंत बस जाते, पुढे गायरानातून चढाची पायवाट आहे. पावसाळी दिवसांत चिखल असतो, म्हणून बूट चांगले घाला. दहन झालेल्या सैनिकांची नावं शेजारच्या दगडी स्मारकावर कोरलेली आहेत. ती एकेक करून वाचायला वेळ ठेवा. छत्रीची माहिती वर चढतानाच ऐकून घ्या. तिथे पोहोचल्यावर ऐकायचं काही उरलेलं नसावं.

आणि ब्रायटनचा किनारा. १९०९ मध्ये सावरकर इथे होते आणि ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता त्यांना इथेच सुचली. आपल्यापैकी कितीतरी जणांना ती शाळेपासून पाठ असते, पण मनात समुद्र येतो तो रत्नागिरीचा किंवा दादरचा. प्रत्यक्षात हा वाळूचा किनारा नाही, गोट्यांचा आहे. लाट परतताना ते गोटे ओढले जातात आणि त्यांचा खळखळाट दूरवर ऐकू येतो. इथली कुठलीही टूर लावू नका. गोट्यांवर बसा आणि कविता पाठ असेल तेवढी म्हणा.

लुइस आणि चिचेस्टर

लुइस हे गाव जीपीएसच्या टूरसाठीच घडवल्यासारखं आहे. एकच मुख्य रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या उताराच्या बोळी, ज्यांना तिथले लोक ट्विटन म्हणतात. किल्ला दोन कृत्रिम टेकड्यांवर आहे, इंग्लंडमध्ये असा दुसरा फक्त लिंकनचा. त्याच्या मनोऱ्यावरून ऊझची खिंड दिसते आणि आधी पाहिलेला नकाशा खरा झाल्यासारखा वाटतो. १४ मे १२६४ ला बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टने राजा तिसऱ्या हेन्रीचा पराभव याच गावाजवळ केला. मुख्य रस्त्यावरचं बुल हाउस चुकवू नका. ‘माणसाचे हक्क’ जगाला सांगणारा टॉमस पेन १७६८ ते १७७४ या काळात लुइसला अबकारी खात्यात नोकरी करत होता आणि या घरात राहत होता. महात्मा फुल्यांनी ज्याच्या विचारांतून बळ घेतलं तो हाच पेन. त्या दारासमोर मराठी माणसाने थांबावंच.

चिचेस्टर सोपं आहे. रोमनांनी आखलेले चार मुख्य रस्ते, मध्ये बाजारचौकाचा दगडी मंडप आणि भोवती तटबंदी. तटावरून सुमारे अडीच किलोमीटरची फेरी होते. कॅथिड्रलला प्रवेश मोफत आहे, देणगीपेटीत काहीतरी टाकावं. प्रार्थना चालू असेल तेव्हा ऑडिओ बंद करून मागे बसा. ते गायन ऐकायला मिळणं हे भाग्यच आहे. तिथून रेल्वेने पुढचंच स्टेशन फिशबोर्न. १९६० मध्ये पाण्याचा नळ टाकताना खोदकामात सापडलेला रोमन राजवाडा तिथे आहे. डॉल्फिनवर बसलेल्या क्यूपिडची फरशी लाकडी पुलांवरून चालत बघता येते.

डाउन्सवर जाताना

ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणारी १२ नंबरची बस सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांपाशी नेते. हा खडू ठिसूळ आहे, कडे सतत ढासळतात आणि कडेवर कठडा नाही. काठापासून चांगलं अंतर राखा, खाली किनाऱ्यावर असाल तर कड्याच्या पायथ्याशी बसू नका, आणि भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. पुढचा बीची हेड हा कडा समुद्रापासून १६२ मीटर उंच आहे. काठाजवळ चालताना दोन्ही कान मोकळे हवेत, अपवाद नाही. मेंढ्यांच्या कुरणातलं फाटक उघडलंत तर परत लावून घ्या.

आई-बाबांसाठी मराठी टूर स्वतः करा

तिकडे राहणाऱ्या मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना इंग्रजी निवेदन भरभर वाटतं आणि ते संकोचाने इअरफोन काढून ठेवतात. त्यांच्यासाठी मराठी टूर तयार करणं एका संध्याकाळचं काम आहे.

एका गावातले पाच-सहाच थांबे निवडा. प्रत्येकासाठी दोन मिनिटं बोला, त्याहून जास्त नको. क्रम कायम तोच ठेवा: कुठे उभं राहायचं, काय पाहायचं, काय घडलं, पुढे कुठे वळायचं. विकतच्या टूरचं भाषांतर करू नका. तो मजकूर दुसऱ्याचा आहे आणि तुमच्या आईला तुमचं बोलणं जास्त कळतं. स्वतः वाचलेलं, पाहिलेलं सांगा. उदाहरणार्थ लुइससाठी:

‘आई, बाबा, आता किल्ल्याच्या मोठ्या दाराकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे बाक आहे की नाही बघा, पाय दुखत असतील तर बसून ऐका. समोरचं पुढे आलेलं दार नंतरच्या काळातलं आहे. त्याच्या मागे आणखी एक दार दिसतंय, ते जुनं नॉर्मन. हल्ला करणारा पहिल्या दारातून आत घुसला तरी दोन दारांच्या मधे अडकायचा. आपण रायगडाचा महादरवाजा पाहिला होता, तिथेही शत्रूला असंच कोंडीत धरायचे. झालं की खाली उतरा आणि उजवीकडे वळा.’

खोलीचं दार लावून फोनच्या रेकॉर्डरवर हे बोला. फायलींना ०१, ०२ असे आकडे द्या, म्हणजे क्रम चुकत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवून त्यांच्या फोनमध्ये उतरल्या आहेत याची खात्री करा आणि प्रत्येक फायलीबरोबर त्या जागेचा एक फोटो जोडा, म्हणजे कुठे थांबायचं ते विचारावं लागणार नाही. बाक, स्वच्छतागृह आणि चहाची जागा यांचा उल्लेख निवेदनातच करा. वयाने मोठ्या माणसांचा दिवस त्यावर ठरतो. जिन्यांची आणि गोट्यांच्या रस्त्यांची कल्पनाही आधी द्या. लुइसची कीर स्ट्रीट सुंदर आहे, पण उताराची आणि गोट्यांची आहे. गुडघे दुखत असतील तर ती वरच्या टोकाला उभं राहून बघण्यापुरतीच ठेवा.